बेटावरची विहीर: लक्षद्वीपला गेलो आणि काटोलचा बोअर समजला

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा एसटीत बसल्यावर कळतं की इअरफोन घरीच राहिले, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना येणारे "म्हणजे", "अरे हो" थोडे कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आधी ओळख, कारण नवीन लोक जोडले गेलेत. मी काटोलचा. बीटेक झालो, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो. घरी संत्र्याचा बगीचा आहे. काटोल जगाच्या बातम्यांत फारसं येत नाही. २२ मे २०१२ ला आमच्या भागात उल्कापात झाला, घरांवर-शेतांत दगड पडले, तेव्हा आलं होतं. समुद्र आमच्यापासून इतका लांब की लहानपणी मला "लाट" म्हटलं की उन्हाळ्याचीच आठवायची.

तर अशा माणसाने गेल्या वर्षी मार्चमध्ये ठरवलं की आपण लक्षद्वीपला जायचं. कारण खरं सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याचे फोटो आले, तेव्हापासून माझ्या फोनवर सारखं निळं पाणी आणि पांढरी वाळू. प्रत्येक रीलवर एकच शब्द: "अनटच्ड". कुणीही हात न लावलेलं बेट. म्हटलं, पाहून तर येऊ.

आजचा एपिसोड त्या एका शब्दाबद्दल आहे.

हात न लावलेलं? थांबा जरा

लक्षद्वीपला उठून जाता येत नाही. बाहेरच्या भारतीयालाही आधी प्रवेश-परवाना लागतो. हे नियम १९६७ सालचे आहेत. कारण तिथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि जमीन अगदी थोडी आहे. माझ्या एका मित्राच्या ओळखीने कवरत्तीला राहायची सोय झाली, कागद झाले, मग निघालो. काटोल ते नागपूर, नागपूरहून रेल्वेने एर्नाकुलम, आणि कोचीहून जहाज. कवरत्ती किनाऱ्यापासून साधारण ४०० किलोमीटर. रात्रभर समुद्र. जहाजावर नेटवर्क गेलं आणि माझ्यासारख्या माणसाला पहिल्यांदा कळलं की अंधार किती मोठा असतो.

सकाळी बेट दिसलं. खरं सांगू? आधी बेट दिसतच नाही. नारळाची झाडं थेट पाण्यातून उगवल्यासारखी दिसतात. जमीन इतकी बुटकी, समुद्रापेक्षा जेमतेम मीटर-दोन मीटर उंच. आमच्या बगीच्याचा बांध त्यापेक्षा फार कमी नसेल.

पहिल्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात. पाण्यात उतरलो, मासे पाहिले, फोटो काढले. पाणी खरंच तसंच आहे, फिल्टर लागत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजता येतात. पोपटमासा प्रवाळाला चावे घेतो त्याचा कटकट आवाज पाण्याखाली ऐकू येतो. आणि ती पांढरी वाळू? त्यातली बरीचशी याच माशाच्या पोटातून आलेली. तो प्रवाळ दळतो आणि मागून वाळू सोडतो. रीलवर हे कुणी सांगत नाही!

पण संध्याकाळी गावातून चालताना काहीतरी जुळेना. शाळा, मशिदी, दुकानं, सरकारी ऑफिसं, क्रिकेट खेळणारी पोरं. घराला लागून घर. रात्री आकडे काढले. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ८,००० एकर. माणसं राहतात अशी बेटं १०. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. दर चौरस किलोमीटरला २,१४९ माणसं. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा होता ३६५.

म्हणजे ज्याला आपण "हात न लावलेलं" म्हणतो, तिथे आपल्यापेक्षा जवळजवळ सहापट दाटीने माणसं राहतात. शेकडो वर्षं राहतात. हात लागलेलाच आहे. मग खराब का झालं नाही?

याचं उत्तर मला माझ्या चुकीमुळे मिळालं.

तीन बादल्या

मी ज्यांच्याकडे राहिलो त्यांना मी "भाई" म्हणायचो. पन्नाशीचे, बोलणं कमी, हिंदी मोडकी पण माझ्या मल्याळमपेक्षा हजारपट बरी. त्यांच्याकडे दोन प्रकारचं पाणी होतं. एक विहिरीचं, थोडं मचूळ, अंघोळ-धुण्यासाठी. साबणाला फेस कमी यायचा. दुसरं नळाचं, गोडं, ठरावीक वेळी येणारं, पिण्या-स्वयंपाकासाठी.

दुसऱ्या दिवशी समुद्रातून आलो. अंगावर मीठ, मास्क चिकट, शॉर्ट्स कडक झालेल्या. विहिरीच्या पाण्याने मास्कवर डाग राहतात म्हणून मी काय केलं? गोड्या पाण्याच्या तीन बादल्या घेतल्या आणि सगळं मस्त धुऊन काढलं. अंघोळही त्यातच.

रात्री वहिनींनी स्वयंपाकाला टाकी उघडली. टाकी रिकामी.

कुणी रागावलं नाही. तेच जास्त लागलं. भाईंचा मुलगा शेजारच्या घरून हंडा घेऊन आला. जेवण झाल्यावर भाई म्हणाले, "आओ, कुआँ दिखाता हूँ." टॉर्च घेऊन मागच्या अंगणात गेलो. विहीर म्हणजे काय, आमच्याकडच्या हिशेबाने खड्डाच. वाकलो तर पाणी दोन हातांवर. आतल्या कड्यावर त्यांनी रंगाने रेघा मारल्या होत्या. पाणी एका रेघेच्या खाली होतं. म्हणाले, सकाळी बघ.

सकाळी पाणी वर आलं होतं. पाऊस नाही, कुणी भरलं नाही. मी विचारलं, कसं काय? त्यांनी समुद्राकडे हात केला. भरती.

मंडळी, विहिरीचं पाणी समुद्राबरोबर खाली-वर होतं! मी इंजिनिअर आहे, पण माझं डोकं तिथे पाच मिनिटं बंद पडलं.

गोड्या पाण्याचं भिंग

आता हे नीट समजून घ्या, सगळा एपिसोड यावर उभा आहे.

बेट म्हणजे प्रवाळाचा चुरा आणि वाळू. स्पंजसारखं सच्छिद्र. खालून आणि चारी बाजूंनी समुद्राचं खारं पाणी त्यात शिरलेलंच असतं. नदी नाही, ओढा नाही, तळं नाही. वरून पावसाचं पाणी पडतं, ते वाळूत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा थोडं हलकं असतं. एक लिटर गोडं पाणी १,००० ग्रॅम धरा, तर समुद्राचं साधारण १,०२५ ग्रॅम. म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, जमिनीच्या आत. मध्ये जाड, कडेला पातळ. आकार भिंगासारखा, म्हणून त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात.

गंमत त्या २५ ग्रॅमच्या फरकात आहे. हिशेब असा निघतो की समुद्रपातळीच्या वर जर १ मीटर गोडं पाणी असेल, तर खाली ४० मीटर असतं. एकास चाळीस. ऐकायला लॉटरी वाटते ना? पण उलटंही तितकंच खरं. तुम्ही पंप लावून वरची पातळी फक्त १० सेंटिमीटर खाली आणली, तर तोल सांभाळायला खालून खारं पाणी ४ मीटर वर यायला लागतं. छोट्या बेटावर मुळात भिंगच काही मीटरचं. म्हणजे एकाने मोठा पंप लावला, की काही दिवसांत विहीर खारी. आणि फक्त त्याची नाही, शेजाऱ्याचीही. खारं शिरलेलं भिंग पुन्हा गोडं व्हायला पावसाळेच्या पावसाळे जातात.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या गावाचा एकच सर्व्हर आहे आणि त्याला रेट लिमिट निसर्गाने लावलंय. कुणी लोड वाढवला की सगळ्यांचं ॲप बंद.

म्हणून भाई रेघा मारतात. म्हणून विहीर उथळ ठेवतात, पाणी वरवरचं थोडं थोडं घेतात, छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. संडासाचं पाणी याच वाळूत मुरलं तर तेही याच भिंगात येतं, ही तिथली मोठी काळजी. खोल खणणं हा तिथे मूर्खपणाच, खोल गेलं की समुद्रच.

मग नळाचं पाणी कुठून?

हा माझा सगळ्यात आवडता भाग. कवरत्तीला २००५ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओटीने, खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारला. दिवसाला १ लाख लिटर. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही झाले.

तत्त्व साधं आहे. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर उकळतं. याच्या उलट करा. हवा काढून दाब खूप कमी केला, तर पाणी २५-२८ अंशांनाही उकळायला लागतं. समुद्राचं वरचं पाणी तिथे आयतंच २८ अंशांच्या आसपास. ते निर्वात टाकीत सोडलं की थोड्या भागाची वाफ होते, मीठ मागे राहतं. वाफेचं पाणी करायला थंडावा हवा. तो समुद्रच देतो. बेटाजवळच समुद्र एकदम खोल होतो, तिथे साधारण ३५० मीटर खोलीवरचं पाणी १२-१३ अंशांचं असतं. ते लांब पाइपने वर ओढायचं, वाफ थंड करायची, गोडं पाणी तयार. रसायनं जवळजवळ नाहीतच.

पण पंप चालवायला वीज लागते. बेटावरची बहुतेक वीज डिझेल जनरेटरची आणि डिझेल येतं जहाजाने.

आता भाग द्या. कवरत्तीची २०११ ची लोकसंख्या ११,२२१. दिवसाला १ लाख लिटर. माणशी ९ लिटरच्या आत. माझ्या तीन बादल्या म्हणजे ४५ लिटर. मी मास्क आणि चड्डी धुवायला पाच माणसांचं दिवसभराचं गोडं पाणी संपवलं होतं.

त्या दिवसानंतर मला ते निळं पाणी वेगळं दिसायला लागलं. बेट सुंदर राहिलं ते कुणी हात न लावल्यामुळे नाही. जिथे जिथे हात लागतो, तिथे कुणीतरी मोजून लावतो, म्हणून. ट्यूना मासेमारीच बघा. तिथली खास पद्धत गळाची आहे: एक काठी, एक गळ, एका वेळी एक मासा. मोठं जाळं टाकून सगळंच खरडून न्यायचं नाही. प्रवाळाचा तुकडा खिशात टाकणं हा तर वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि कारण पर्यावरण दिनाच्या पोस्टरसारखं नाही, रोकडं आहे. प्रवाळाची रांग ही बेटाची कंपाउंड वॉल आहे. लाट तिथे फुटते म्हणून मीटरभर उंचीचं गाव टिकतं.

सगळं गोड गोड आहे असंही नाही. समुद्र तापला की प्रवाळ पांढरा पडतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तिथे मोठं नुकसान झालं. ती उष्णता बेटावरच्या लोकांनी तयार केलेली नाही. त्यांनी कितीही मोजून पाणी वापरलं तरी समुद्र त्यांच्या हातात नाही. भाईंनी मला एका जागी नेलं, खाली सगळं करडं, मेलेलं. म्हणाले, लहानपणी इथे रंग होते. एवढंच.

बाबांचा फोन

चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. रेंज कशीबशी.

"बोअर गेला आपला. फुफाटा निघून राहिला."

मार्च महिना, आंबिया बहार झाडावर, फळं गोटीएवढी. या वेळी पाणी तुटलं की फळगळ होते, वर्ष गेलं समजा. संत्र्याला ताण द्यायचा असतो हे खरं, पण तो फुलं येण्याआधी, हिशेबाने. फळं धरल्यावरचा ताण म्हणजे नुकसान.

"पाणाड्याला बोलावलं होतं. त्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली. गाडीवाला म्हणते सातशे फूट मारू. तू पैसे टाकतं का?"

खर्च माझ्या दोन पगारांएवढा. एरवी मी लगेच टाकले असते. याआधीचा बोअर ४५० फुटांचा, त्याआधीचा २८०. दोन्ही आम्हीच सुकवले. मी विहिरीच्या काठावर उभा होतो, पाणी दोन हातांवर, आणि फोनवर बाबा सातशे फूट म्हणत होते.

मी म्हणालो, "बाबा, मी येईपर्यंत थांबा."

"तू येईस्तोवर संत्री थांबन काय?"

फोन कट झाला.

एकच दगड

परतीच्या जहाजात नेटवर्क जायच्या आधी मी जे डाउनलोड करून घेतलं ते वाचत आलो. त्यातली एक गोष्ट वाचून मी उठून बसलो.

काटोलखाली जो काळा पाषाण आहे, तो दख्खनच्या लाव्ह्याचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून भारताचा तुकडा सरकत होता, तेव्हा तो लाव्हा बाहेर पडला. भारत पुढे उत्तरेकडे सरकत राहिला, ती तप्त जागा मागे राहिली आणि समुद्रात डोंगरांची एक रांग उठत गेली. भूगर्भशास्त्रज्ञ मानतात की लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही रांग त्याच खुणेवर आहे. आज ती तप्त जागा रीयुनियन बेटाखाली आहे. समुद्रातले डोंगर खचत गेले, त्यांच्या डोक्यावर प्रवाळ वाढत गेला, तीच ही बेटं. प्रवाळबेटं अशी बनतात हे चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडलं होतं. आपल्या विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं असंच प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, पण ते पाण्याखालीच आहे.

म्हणजे भाईंचं बेट आणि बाबांचं शेत, दोन्हींच्या मुळाशी एकाच चुलीचा दगड असावा.

फरक काय? वाळू पाणी सहज देते आणि चूक लगेच दाखवते. काळा पाषाण पाणी वरच्या मुरुमात आणि भेगांत धरतो. पाऊस पडला की तो थर भरतो, जुन्या विहिरी त्यावरच चालायच्या. त्याखाली अखंड खडक लागतो, त्यात पाणी मिळालंच तर एखाद्या भेगेत, आणि ती भेग पुन्हा भरायला किती काळ लागेल याचा भरवसा नाही. सातशे फुटांवर लागलेलं पाणी म्हणजे पगार नाही, आजोबांची एफडी मोडणं आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधन घातलंय. आमच्या शिवारात त्या आकड्यावर कुणी गाडी थांबवल्याचं मी पाहिलं नाही. आमच्याकडेही नाही.

बेटावर जास्त उपसलं की पाणी खारं होतं, जिभेला कळतं, शेजारी दारात येतो. इथे काहीच कळत नाही. फक्त एक दिवस फुफाटा निघतो, आणि आपण म्हणतो नशीब.

मग काय केलं

घरी आलो तर बाबा बोलेनात. दोन दिवस टँकरने कसंबसं पाणी दिलेलं. मी भिंगाचं चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "समुद्र पाहाले गेला होता का विहीर?"

पण ऐकलं. कारण आमच्या बगीच्यात आजोबांनी खणलेली ४२ फुटांची विहीर आहे, बोअर आल्यापासून गाळाने भरलेली. बोअरच्या गाडीला नाही म्हटलं आणि त्या पैशातून गाळ काढला. थोडं पाणी लागलं, थोडंच. ठिबकच्या फुटलेल्या नळ्या बदलल्या. सगळ्यात जड निर्णय झाला तो झाडांचा. डिंक्याने गेलेल्या, म्हाताऱ्या झाडांच्या चार ओळी काढल्या, म्हणजे उरलेल्यांना पाणी पुरेल. त्या दिवशी आई जेवली नाही. ती झाडं तिच्या लग्नानंतरच्या वर्षी लावलेली. पावसाळ्याआधी शेतातलं पाणी गोटे-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत जाईल अशी चारी केली.

मृगापर्यंत रोज दोन तास मोटर चालली. फळगळ झाली, पण बगीचा वाचला. उत्पन्न कमीच आलं, लपवणार नाही.

आणि शेजारच्या काकांनी त्याच महिन्यात आठशे फूट मारला. त्यांना पाणी लागलं. धो धो. बाबा बांधावर उभे राहून पाहत होते. मला म्हणाले, "आपण नाही घेतलं तं त्यानं घेतलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. कवरत्तीत भाईंचं मोजणं चालतं, कारण शेजारीही मोजतो आणि दोघांनाही माहीत आहे की पाणी एकच आहे. एकट्याने मोजून बगीचा थोडा वाचतो, शिवार नाही वाचत. त्यासाठी काकांशीच बोलावं लागेल. या उन्हाळ्याआधी आम्ही आठ-दहा शेतकरी एकत्र बसतोय, प्रत्येकाने आपल्या विहिरीची पातळी सांगायची, एवढ्याच विषयावर. काय होतं ते सांगीन.

जाता जाता, लक्षद्वीपला जाणार असाल तर जा, जरूर जा. परवान्याचं काम दोन महिने आधी सुरू करा. दारू शोधू नका, बहुतेक बेटांवर बंदी आहे. शंख-प्रवाळ उचलू नका. तुमचा कचरा जहाजाने परत आणा. आणि मास्क विहिरीच्या पाण्याने धुवा, डाग राहू द्या.

आणि नाही गेलात, तरी एक काम करा. घरी विचारा, आपला बोअर किती फुटांचा आहे आणि याआधीचा किती होता. दोन्ही आकडे मला व्हॉइस नोटवर पाठवा.

आमच्या विहिरीत आता आतल्या बाजूने पांढऱ्या रेघा आहेत. मी मारलेल्या नाहीत. बाबा रोज सकाळी दूध आणायच्या आधी वाकून बघतात आणि कॅलेंडरवर आकडा लिहितात.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.